ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल: दुसऱ्या कंपनीचं भरा, पण वॉरंटी सांभाळून

माझ्या मेहुण्याची सीव्हीटी (ऑटोमॅटिकचाच एक प्रकार) गाडी. वॉरंटीचे सात महिने शिल्लक होते. सर्व्हिस सेंटरने गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचा जो आकडा सांगितला, तो ऐकून हा पठ्ठ्या घराजवळच्या गॅरेजात गेला. तिथे कुठल्याशा डब्यातलं लालभडक ऑइल भरून घेतलं. महिन्याभरात गाडी सिग्नलवरून निघताना थरथरायला लागली. मग वॉरंटीचा क्लेम, मग नकार आणि मग मला फोन: "दाजी, यांना असं नाही म्हणता येतं का?"

मी म्हटलं, आधी बिल पाठव. बिलावर एवढंच: "गिअर ऑइल – ४ लि." कुठल्या कंपनीचं, कुठल्या स्पेसिफिकेशनचं, किती किलोमीटरला, काही नाही. डबा केव्हाच भंगारात गेलेला. बिघाड त्या ऑइलमुळे झाला की आधीपासूनच होता, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. पैसे त्यालाच भरावे लागले.

ऑटोमॅटिक गाडीत पर्यायी ऑइल भरता येतं. फक्त योग्य तेच भरलं, हे उद्या कागदावर दाखवता आलं पाहिजे. खालचं सगळं त्यासाठीच.

आधी बघा, बदलायचंच आहे का

गाडीबरोबर आलेलं जाड पुस्तक ग्लोव्ह बॉक्समधून बाहेर काढा आणि देखभालीचा तक्ता उघडा. काही गाड्यांत ठरावीक किलोमीटरला ऑइल बदला असं लिहिलेलं असतं, काहींत नुसतं तपासा, तर काहींत त्याचा उल्लेखही नसतो. तपासा एवढंच लिहिलं असेल आणि गाडी तीस हजार चालली असेल, तर "काळं पडलंय साहेब" या एका वाक्यावर ते बदलायची गरज नाही.

उलट टोकाला "लाइफटाइम फिल" हा शब्दही तितकाच फसवा. बीएमडब्ल्यूसारख्या कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ स्वतः साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांच्या आत ऑइल बदला असं सांगते. शिवाय तक्त्याखाली बारीक अक्षरांत "सिव्हिअर कंडिशन्स"चा वेगळा तक्ता असतो. सतत थांबत-चालत जाणारी वाहतूक, डोंगराळ रस्ते, कडक उन्हाळा. पुण्या-मुंबईतली रोजची गाडी किंवा दर शनिवारी खंबाटकी नाहीतर आंबोली घाट चढणारी गाडी यात बसते. तिला तोच तक्ता लावा.

गिअरबॉक्स नेमका कुठला

आपल्याकडे क्लच पेडल नसलेली प्रत्येक गाडी "ऑटोमॅटिक". आत मात्र चार वेगवेगळी यंत्रं असू शकतात आणि घोळ इथेच होतो.

एएमटी म्हणजे मूळचा मॅन्युअल गिअरबॉक्स, वर गिअर टाकायला यंत्राचा हात. २०१४ साली सेलेरिओबरोबर हा प्रकार आपल्याकडे घरोघरी पोचला. यात साधं मॅन्युअलचं गिअर ऑइल असतं आणि गिअर टाकणाऱ्या यंत्राचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं. एटीएफचा, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइडचा, इथे संबंधच नाही.

टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा, तो खरा एटीएफचा गिऱ्हाईक.

सीव्हीटीत गिअर नसतात. दोन पुलींमधून स्टीलचा पट्टा फिरतो, आणि ऑइलने त्या पट्ट्याची पुलीवरची पकड टिकवायची असते. एटीएफ बनतं ते मुख्यतः क्लचच्या चकत्या हळुवार जुळाव्यात म्हणून, त्यामुळे त्यातली रसायनं वेगळी. माझ्या मेहुण्याच्या गाडीत बहुधा हेच झालं असावं, पण ते "बहुधा"च राहिलं.

चौथा डीसीटी, दोन क्लचवाला. यात पुन्हा ओला (ऑइलमध्ये बुडालेला) क्लच आणि कोरडा क्लच असे दोन भेद. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांवर दोन्हीला "डीएसजी" असंच लिहितात; पण सहा गिअरच्या ओल्या क्लचवाल्याला ६०,००० किलोमीटरला ऑइल बदलावं लागतं, आणि सात गिअरच्या कोरड्या क्लचवाल्या डीक्यू२००मध्ये गिअरचं ऑइल वेगळं, कंट्रोल युनिटचं वेगळं.

गाडीच्या नावावरून अंदाज बांधू नका. २०२० ची क्रेटाच घ्या: डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर, साध्या पेट्रोलला आयव्हीटी म्हणजे सीव्हीटीच, टर्बो पेट्रोलला डीसीटी. एकच नाव, ऑइल तीन प्रकारची.

पुस्तकातलं नाव जसंच्या तसं उतरवून घ्या

पुस्तकाच्या शेवटी स्पेसिफिकेशन्सच्या पानावर ऑइलचं नाव असतं. टोयोटाच्या टॉर्क कन्व्हर्टरला "एटीएफ डब्ल्यूएस", ह्युंदाईच्या सहा गिअरवाल्याला "एसपी-फोर", तिच्याच आयव्हीटीला "एसपी-सीव्हीटी-वन", होंडाच्या अलीकडच्या सीव्हीटीला "एचसीएफ-२". होंडाच्या जुन्या सीव्हीटीला "एचएमएमएफ" लागायचं. एकाच कंपनीची, दोन्ही सीव्हीटीचीच, तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

नावापुढचे एक-दोन शब्दही वाचा. "ऑर इक्विव्हॅलंट", म्हणजे समकक्ष चालेल असं लिहिलं असेल तर कंपनीनेच तुमच्यासाठी दार उघडं ठेवलंय. "ओन्ली" लिहिलं असेल तर वॉरंटी असेपर्यंत पर्यायाच्या मागे लागण्यात मला अर्थ दिसत नाही. त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

शंका असेल तर सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन ईमेलवर विचारा: या गाडीला कुठलं ऑइल, किती किलोमीटरला, आणि समकक्ष ऑइल वॉरंटीत चालतं का. फोनवर विचारून उपयोग नाही. फोनवर सगळे "चालतं हो" म्हणतात.

डबा वाचायचा कसा

नाना पेठेत स्पेअरच्या कुठल्याही दुकानात जाऊन "ऑटोमॅटिकचं ऑइल द्या" म्हणा. समोर एक डबा येईल आणि वर ऐकायला मिळेल, "साहेब, सगळ्या ऑटोमॅटिकला हेच जातं." डबा हातात घ्या आणि उलटा फिरवा. पुढच्या बाजूला जाहिरात असते. आपल्या कामाचं सगळं मागे.

मागे गाड्यांची आणि स्पेसिफिकेशनची लांबलचक यादी असते. त्या यादीआधी कुठले शब्द आहेत ते बघा. "लायसन्स्ड" किंवा "अप्रूव्ड" म्हणजे गाडी किंवा गिअरबॉक्स बनवणाऱ्याने ते ऑइल तपासून मान्यता दिली आहे. "मीट्स द रिक्वायरमेंट्स" म्हणजे ऑइलवाला स्वतःच म्हणतोय की आमचं त्या बरोबरीचं आहे. आणि "सुटेबल फॉर यूज इन" म्हणजे वापरून बघायला हरकत नसावी. तिन्ही वाक्यं एकाच आकाराच्या अक्षरांत छापतात, म्हणून चष्मा लावूनच वाचावीत.

मान्यता खरी आहे का, हे काही ठिकाणी पडताळता येतं. जनरल मोटर्सच्या डेक्सरॉन-सिक्स या एटीएफ स्पेसिफिकेशनचा परवाना असलेल्या डब्यावर "जे" अक्षराने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ज्यांच्याकडे अजून शेवरोले क्रूझ ऑटोमॅटिक आहे त्यांची वॉरंटी केव्हाच संपली, पण डबा पारखायला हा क्रमांक त्यांच्या उपयोगाचा. मर्सिडीजची मान्यता "एमबी-अप्रूव्हल २३६.१५" अशा आकड्यात लिहितात, आणि झेडएफ मान्य ऑइलची यादी "टीई-एमएल ११" या नावाने प्रसिद्ध करते. टोयोटाच्या डब्ल्यूएसचं मात्र तसं नाही. बाहेरच्या ऑइलवाल्यांना त्याचा परवाना मिळत नाही, त्यामुळे बाजारातल्या डब्यावर "डब्ल्यूएस" दिसलं तर तो ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा असतो. तो खोटा असेलच असं नाही. पण त्याची हमी कोण घेतंय, हे कळायला हवं.

आता एक सोपी परीक्षा. ऑइल कंपनीच्या वेबसाइटवरून त्या डब्याची टेक्निकल डेटा शीट उतरवा आणि १०० अंश सेल्सियसला व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, किती ते बघा. जुन्या डेक्सरॉन-थ्रीचा दाटपणा साधारण सात ते साडेसात सेंटिस्टोक असतो, डेक्सरॉन-सिक्सचा सहाच्या आसपास, डब्ल्यूएस आणि एसपी-फोरचा साडेपाचच्या जवळपास. आता डब्यामागची यादी पुन्हा वाचा. डेक्सरॉन-थ्री आणि डब्ल्यूएस दोन्ही नावं एकाच डब्यावर असतील तर एकच ऑइल दाट आणि पातळ दोन्ही कसं, हा प्रश्न दुकानदाराला विचारून बघा. मी विचारला होता. त्याने डबा परत फळीवर ठेवला आणि मला चहा सांगितला.

दाटपणा जुळला म्हणजे काम झालं असंही नाही. क्लचच्या चकत्या कशा पकड घेतील हे ठरवणारी रसायनं, ज्यांना फ्रिक्शन मॉडिफायर म्हणतात, ती डेटा शीटवर नीट दिसत नाहीत. एके काळी अमेरिकेत यासाठी चक्क स्पर्म व्हेलचं तेल वापरत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आल्यावर ऑइलवाल्यांना नवा पर्याय शोधताना नाकीनऊ आले होते.

रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. लाल रंग हा नुसता रंग आहे, इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून टाकलेला.

वॉरंटीबद्दल कायदा काय म्हणतो

यूट्यूबवर अमेरिकन मेकॅनिक ठासून सांगतात की दुसरं ऑइल भरलं म्हणून कंपनी वॉरंटी काढून घेऊ शकत नाही. ते मॅग्नसन-मॉस कायद्याबद्दल बोलत असतात, १९७५ चा, तिथला. न्यू जर्सीतल्या तुमच्या भावाच्या कामाचा, तुमच्या नाही.

आपल्याकडे आधार वेगळा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्याच आदेशात म्हटलं होतं की ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या याविरुद्ध अपिलात गेल्या. तरी नकाराला उत्तर लिहिताना हा आदेश नावानिशी उद्धृत करण्याजोगा आहे.

पण "सदोष कामामुळे झालेलं नुकसान" हे शब्द पुन्हा वाचा. चुकीच्या ऑइलने गिअरबॉक्स गेला तर हाच आदेश कंपनीच्या बाजूने उभा राहतो.

आणि एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे मूळ वॉरंटीची शेपटी नव्हे. तो वेगळा करार असतो, आणि ठरलेली सर्व्हिस अधिकृत केंद्रातच करा अशी अट त्यात बऱ्याचदा असते. ती घेतली असेल तर ऑइलचा विचार करण्याआधी तो कागद वाचा.

मधला मार्ग

माझं विचाराल तर वॉरंटी असेपर्यंत मी कंपनीचंच ऑइल घेतो, पण सर्व्हिस सेंटरच्या मजुरीसकट नाही. बऱ्याच कंपन्यांचे स्पेअर पार्टचे काउंटर सुटं ऑइल विकतात. तिथून पार्ट नंबर असलेल्या बिलावर डबे घ्यायचे आणि विश्वासातल्या गॅरेजात भरून घ्यायचे. ऑइलबद्दलचा वाद तिथेच मिटतो. उरतो तो फक्त कामाच्या दर्जाचा. ते मिळालं नाही, तर गिअरबॉक्स बनवणाऱ्याच्याच नावाचं ऑइल बघा, झेडएफ किंवा ऐसिनचं. आणि तिसऱ्याच कंपनीचं घ्यायचं असेल तर तिच्या ग्राहक सेवेला ईमेल करा: अमुक मॉडेल, अमुक साल, अमुक स्पेसिफिकेशन, तुमचं ऑइल चालेल का आणि त्यामुळे नुकसान झालं तर जबाबदारी घ्याल का. लेखी "हो" आलं तरच डबा घ्या. गोलमोल उत्तर आलं तर उत्तर मिळालं असं समजा.

भरताना

गॅरेजवाल्याला आधीच सांगा: निघालेलं ऑइल मोजून घ्यायचं. एकदा काढून भरल्याने जुनं सगळं निघत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं, त्यामुळे गिअरबॉक्सची पूर्ण क्षमता सात लिटर लिहिलेली असली तरी तेवढं एकदम मावत नाही. हल्लीच्या कित्येक गाड्यांत डिपस्टिकही नसते. ऑइल ठरावीक तापमानाला आलं की तपासणीचा बोल्ट उघडून पातळी बघतात, आणि तापमान स्कॅनरवर वाचतात. स्कॅनर नसलेल्या गॅरेजात हे काम करू नका.

बिलावर हे सगळं लिहून घ्या: तारीख, किलोमीटर, गाडीचा नंबर, ऑइलचं पूर्ण नाव, स्पेसिफिकेशन, बॅच नंबर, निघालं किती, भरलं किती. गॅरेजवाला कुरकुरेल. करू द्या. डब्याच्या पुढच्या-मागच्या बाजूचे आणि मीटरचे फोटो काढा. एक रिकामा डबा, आणि निघालेलं जुनं ऑइल पाव लिटर, घट्ट झाकणाच्या बाटलीत तारीख लिहून ठेवा. वॉरंटी संपेपर्यंत ती बाटली माळ्यावर राहू द्या. घरच्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

तरीही क्लेम नाकारला तर

तोंडी नकार घेऊ नका. कुठला भाग निकामी झाला, तो ऑइलमुळेच झाला हे कशावरून, ऑइलचा नमुना तपासला का, हे सगळं लेखी मागा. गिअरबॉक्स उघडणार असतील तर समोर उभं राहायची परवानगी मागा आणि आतल्या ऑइलचा नमुना तुमच्या बाटलीत घ्या. मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, गाडी कुठेही घेतलेली असो, आणि त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मेहुण्याची ती मुदत अजून शिल्लक आहे. जोडायला बिल मात्र तेच आहे, "गिअर ऑइल – ४ लि."