छोट्या धंद्याला पेमेंट गेटवे घ्यायचाय? टक्का नंतर बघा, पैसे हातात कधी येतात ते आधी विचारा

आमचा सांगलीत घरगुती मसाल्यांचा धंदा आहे, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भाजणी आणि दिवाळीत फराळ. ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात की ताई कुठला गेटवे (गिऱ्हाइकाचे यूपीआय, कार्ड, नेटबँकिंगचे पैसे गोळा करून आपल्या खात्यात टाकणारी कंपनी) घेऊ, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच विचारतात की कोण किती टक्के घेतं. मीपण तेच केलं होतं. पाव टक्का स्वस्त पडतोय म्हणून एक कंपनी घेतली आणि दिवाळीच्या तोंडावर आमचे शहाऐंशी हजार रुपये अकरा दिवस अडकले. विक्री एकदम चौपट झाली म्हणून त्यांनी सेटलमेंट, म्हणजे गोळा झालेले पैसे आपल्या खात्यात टाकणं, थांबवलं, कागद परत मागितले, फोन लागत नव्हता, फक्त ईमेलवर तिकीट नंबर यायचा. इकडे तूप, खोबरं, काजूवाल्याची बाकी द्यायची, कामाला येणाऱ्या बायकांची मजुरी द्यायची, शेवटी नणंदेकडून हातउसने घेतले. पैसे आले सगळे, एक रुपया बुडाला नाही, पण ते अकरा दिवस काय गेलेत ते मला माहितीये. तेव्हापासून मी वेगळ्या क्रमाने बघते, तोच क्रम इथे सांगते.

पहिलं म्हणजे तुम्हाला गेटवे खरंच लागतोय का हे बघा. महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डरी असतील, सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येत असतील आणि गिऱ्हाईक बहुतेक ओळखीचं असेल तर बिझनेसचा यूपीआय क्यूआर पुरतो. बँकेकडून घ्या नाहीतर फोनपे, गुगल पे, पेटीएम, भारतपे यांच्या व्यापाऱ्यांच्या अ‍ॅपवरून घ्या. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या साध्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराला एमडीआर (पेमेंट घेतल्याबद्दल त्याच्याकडून कापली जाणारी फी) शून्य आहे, म्हणजे साडेसहाशे आले की साडेसहाशेच जमा होतात. फक्त तो क्यूआर घरच्या सेव्हिंग खात्याचा नको, धंद्याचं करंट खातं वेगळं काढा, नाहीतर मार्चमध्ये सीए विचारतो की हे दीड हजार कसले आणि आपल्याला आठवत नाही की ते भिशीचे होते का चिवड्याचे. आणि स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवून माल पाठवू नका, आमच्या गल्लीतच एकीला खोटा स्क्रीनशॉट पाठवून फसवलंय, पैसे आपल्या खात्यात दिसले की मगच पार्सल बांधायचं.

गेटवे कधी घ्यायचा तर रोज रात्री बसून कुणाचे पैसे आले कुणाचे राहिले हे जुळवण्यातच तास जायला लागला की. किंवा वेबसाइट काढलीत की. किंवा गिऱ्हाईक म्हणायला लागलं की आम्हाला क्रेडिट कार्डनेच द्यायचेत. वेबसाइट नसली तरी चालतं बरं का, पेमेंट लिंक म्हणून प्रकार असतो, रक्कम टाकून लिंक बनवायची आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, समोरच्याने यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग कशानेही भरलं तरी ऑर्डरच्या नावासकट आपल्याकडे नोंद होते. मी सुरुवातीचं दीड वर्ष फक्त लिंकवर काढलंय.

आता घ्यायचं ठरलं तर कंपनीचं नाव आधी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर शोधा. दुसऱ्यांच्या वतीने ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या या कंपन्यांना पेमेंट अ‍ॅग्रिगेटर म्हणतात, त्यांच्यासाठी मार्च २०२० मध्ये नियम आले आणि बिगरबँक कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगी घ्यावी लागायला लागली. कुणाला परवानगी मिळालीय, कुणाचा अर्ज परत गेलाय याची यादी तिथे असते. याचा आपल्याला उपयोग असा की परवानगीवाल्या कंपनीला गिऱ्हाइकाचे पैसे स्वतःच्या धंद्यात फिरवता येत नाहीत, बँकेत वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीअ‍ॅव्हेन्यू, इन्स्टामोजो ही नावं तुम्ही ऐकलीच असतील, पण नाव मोठं आहे म्हणून न बघता घेऊ नका. २०२२ च्या शेवटी रिझर्व्ह बँकेने काही बड्या कंपन्यांना नवीन व्यापारी घेणं थांबवायला लावलं होतं, तेव्हा अर्ज करून बसलेली माणसं वर्षभर लटकली. त्यामुळे आजची स्थिती बघायची, मागच्या वर्षी मैत्रिणीला मिळालं म्हणून आपल्याला मिळेल असं नसतं.

मग सेटलमेंट. हाच आपला खरा प्रश्न. कंपनी सांगते टी प्लस टू, म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे भरल्यापासून कामाचे दोन दिवस. ऐकायला बरं वाटतं, पण शुक्रवारी संध्याकाळी आलेल्या ऑर्डरचे पैसे मग मंगळवारी येतात, आणि मधे लक्ष्मीपूजन-पाडव्याची बँकेची सुट्टी आली तर अजून पुढे. आपला माल तर शनिवारीच कुरियरला जातो आणि कुरियरवाला रोख मागतो. म्हणून विचारा की टी प्लस वन मिळेल का, सगळ्यांना मिळतं का सहा महिन्यांनी मिळतं, आणि लगेच पैसे हवे असले तर त्याचे जास्तीचे किती कापता. त्याच्यापुढचा प्रश्न कुणी विचारत नाही पण तोच विचारा, की कुठल्या परिस्थितीत तुम्ही सेटलमेंट रोखता आणि मोकळं करायला किती दिवस लागतात. उत्तर लेखी घ्या, ईमेलवर. सणाला विक्री वाढणार असेल तर पंधरा दिवस आधी आपणहून कळवून ठेवा, मागच्या वर्षीची बिलं जोडा, मी आता दर दिवाळीला हे करते आणि परत कधी अडकलेलं नाही.

आता टक्का. बाजारात साधारण दोन टक्क्यांच्या आसपास दर असतो आणि त्या फीवर सहसा १८ टक्के जीएसटी. साडेसहाशेच्या ऑर्डरीवर दोन टक्के म्हणजे १३ रुपये, त्यावर जीएसटी लागला तर २ रुपये ३४ पैसे, एकूण १५ रुपये ३४ पैसे गेले, हातात आले ६३४ रुपये ६६ पैसे. कमी वाटतात ना? पण हा टक्का विक्रीवर लागतो, नफ्यावर नाही. मसाल्याच्या त्या ऑर्डरीत मला सगळं जाऊन १३० रुपये सुटत असतील तर त्यातले पंधरा गेले, म्हणजे नफ्यातला बारा टक्के. आणि कुरियरचे ८० रुपये गिऱ्हाइकाकडूनच घेत असाल तर टक्का ७३० वर लागतो, म्हणजे ज्या पैशात आपली काही कमाईच नाही त्याच्यावरपण फी जाते. हे धरूनच भाव ठरवा. जीएसटी नंबर असेल आणि नेहमीच्या पद्धतीने रिटर्न भरत असाल तर फीवरचा जीएसटी वळता मिळू शकतो, सीएला विचारा, नंबर नसेल तर तो आपल्याच खिशातून.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो. यूपीआय फुकट आहे मग गेटवे त्याच्यावर पैसे कसे घेतो? तर एमडीआर शून्य आहे हे खरं, पण बरेच गेटवे स्वतःची प्लॅटफॉर्म फी म्हणून यूपीआयवरही तोच टक्का लावतात, काही जण यूपीआयला वेगळा कमी दर देतात. आमचं ८० टक्के गिऱ्हाईक यूपीआयने भरतं, त्यामुळे मला कार्डाचा दर काय याच्यापेक्षा यूपीआयचा दर काय याने जास्त फरक पडतो. तुमचं गिऱ्हाईक कशाने भरतं ते मागच्या दोन महिन्यांच्या वहीतून काढा आणि त्याच हिशोबाने दरपत्रक वाचा. यूपीआयला रुपे क्रेडिट कार्ड जोडलेलं असतं तो प्रकार वेगळा, छोट्या दुकानदाराला २००० रुपयांपर्यंत त्यावर काही लागत नाही, वरच्या रकमेला लागतं. डेबिट कार्डाला पण मर्यादा आहे, वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ऑनलाइनला एमडीआर ०.४० टक्क्याच्या वर नाही आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही, तरी कंपनी सरसकट दोन टक्के सांगत असेल तर विचारा की यात एमडीआर किती आणि तुमची फी किती. विचारलं की कमी करतात, महिन्याची विक्री सांगून घासाघीस करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाकी खर्च पटकन सांगते. सुरुवातीची फी आणि वर्षाची फी शून्य असलेल्या कंपन्या भरपूर आहेत, पैसे मागणाऱ्याकडे जायचं कारण नाही. शॉपिफायवर (ऑनलाइन दुकान थाटून देणारी सेवा) दुकान असेल तर बाहेरचा गेटवे जोडल्यावर शॉपिफाय स्वतःची फी वेगळी लावतं, ती गेटवेच्या फीच्या वर असते, तेही धरा. रिफंड दिला तर सहसा गेटवेची फी परत मिळत नाही, म्हणजे साडेसहाशे परत केले तर पंधरा रुपये आपले गेले, म्हणून माल संपलाय हे वेबसाइटवर वेळेत टाकत जा.

परदेशातल्या ऑर्डरी असतील तर ते वेगळं चालू करून घ्यावं लागतं आणि दर तीन टक्क्यांच्या आसपास किंवा वर जातो, रुपयात बदलताना जातं ते निराळं. न्यू जर्सी, लंडन, दुबईच्या मुलांसाठी फराळाच्या ऑर्डरी घेत असाल तर आधी विचारा की त्यांचं इथलं एनआरई किंवा एनआरओ खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं बँक खातं) आहे का, २०२३ पासून अमेरिका, इंग्लंड, यूएई धरून काही देशांतल्या मोबाइल नंबरवर त्या खात्याचं यूपीआय चालू करता येतं. नाहीतर बऱ्याचदा आईवडीलच इथून भरतात, ते सगळ्यात सोपं.

कागदपत्रं आधी जमवा. पॅन, आधार, करंट खात्याचा कॅन्सल केलेला चेक, उद्यम नोंदणी किंवा शॉप अ‍ॅक्ट ज्याला आपण गुमास्ता म्हणतो ते, जीएसटी असेल तर ते, आणि खाण्याचे पदार्थ असतील तर एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच पाहिजे, माझं पॅनवर लग्नाआधीचं आडनाव होतं आणि बँकेत नंतरचं, त्यात तीन आठवडे गेले. वेबसाइटवर पत्ता, फोन, रिफंडचे नियम, माल किती दिवसांत पोचतो, गोपनीयता ही पानं लागतात, नसली तर अर्ज परत येतो. आणि धंद्याचा प्रकार खरा लिहा. आम्ही फॉर्म भरताना घाईत किराणा निवडलं होतं आणि विकत होतो फराळ, माझे पैसे अडकायला तेही एक कारण झालं होतं.

मंजुरी आली की लगेच सगळ्यांना लिंक वाटू नका. दीर किंवा भाऊ कुणाच्या तरी फोनवरून खरे ५० रुपये भरून बघा, एकदा यूपीआयने एकदा कार्डाने. पैसे खात्यात कधी आले ते वेळेसकट लिहून ठेवा. मग त्यातला एक व्यवहार रिफंड करा आणि तो परत पोचायला किती दिवस लागतात ते बघा, कारण उद्या गिऱ्हाईक हेच विचारणार आहे. मग शनिवारी संध्याकाळी त्यांच्या सपोर्टला फोन लावा. माणूस बोलला तर ठीक, नुसता बॉट फिरवत राहिला तर दुसरी कंपनी बघा, मी तरी हे सगळ्यात वरचं कारण धरते.

पैसे कापले गेले पण ऑर्डर झाली नाही असा फोन येणारच. यूपीआयने दुकानदाराला भरलेले पैसे असे मधे अडकले तर पाच दिवसांत आपोआप परत जायला पाहिजेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. गिऱ्हाइकाला हे शांतपणे सांगा आणि व्यवहार नंबर द्या, स्वतःच्या खिशातून घाईघाईने परत करू नका नाहीतर दोनदा जातात. कार्डवाल्याने बँकेत तक्रार करून पैसे मागे ओढले तर त्याला चार्जबॅक म्हणतात, तेव्हा ठरलेल्या दिवसांत पुरावा द्यावा लागतो, म्हणून बिल, कुरियरची पोचपावती आणि पार्सलचा फोटो सहा-आठ महिने जपून ठेवा.

गेटवे सुरू झाला तरी जुना क्यूआर बंद करू नका, एक रस्ता अडला तर दुसरा चालू राहतो. आणि वेळेचं म्हणाल तर कंपनी दोन दिवसांत मंजुरी म्हणते, पण कागद परत येणं, स्पेलिंग, वेबसाइटची पानं हे सगळं धरून महिना जातो. गणपतीला मोदकाची पिठी विकायची असेल तर अर्ज आषाढात टाका, आणि दिवाळीच्या फराळासाठी पितृपक्ष लागायच्या आत.