बॅटरीवर असताना टर्बो बंद करून बघा
लॅपटॉप चार्जरवरून काढला की बॅटरी भराभर उतरते आणि फॅन पण सारखा घोंघावतो, असं होत असेल तर आधी कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, स्पीड बघत बसा जरा. काही करत नसाल तेव्हा आकडा खाली असतो, आणि ब्राउझरमध्ये एक टॅब उघडली की टुणकन वर उडी मारतो. तिथेच दिलेल्या बेस स्पीडच्याही वर गेला की तो टर्बो, म्हणजे प्रोसेसरने थोडा वेळ नेहमीच्या स्पीडच्या वर मारलेला जोर.

स्पीड वाढवायला प्रोसेसरला व्होल्टेज पण वाढवावं लागतं आणि खरी गोम तिथेच आहे, कारण वीज स्पीडच्या पटीत तर वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे स्पीड आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्के वाढले तर काम करताना वीज जवळपास ७३ टक्के जास्त जाते. मेल, पीडीएफ, टायपिंग यासाठी एवढं कशाला?

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, मग अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट 'ऑन बॅटरी' ला १०० चं ९९ करा. बहुतेक लॅपटॉपवर एवढ्यानेच टर्बो बंद होतो. 'प्लग्ड इन' १०० च राहू द्या.

पण ४०-५० वर आणू नका हं, काम रेंगाळतं आणि तेवढा वेळ स्क्रीन बॅटरी खातच असते.

काही नव्या लॅपटॉपवर हा ऑप्शन दिसतच नाही, तिथे सेटिंग्जमधला पॉवर मोड 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' वर ठेवा.