अनुदानाचं नवं परिपत्रक आलं की बालशिक्षण केंद्राच्या कार्यालयात काय करायचं

परिपत्रक हाती आलं की नजर आधी दराच्या तक्त्याकडे जाते. दर वाढला की घटला एवढं पाहून कागद फायलीत लागतो. पण लहान मुलांच्या केंद्राचं अनुदान दरामुळे क्वचितच अडकतं. ते अडकतं मोजणीत. म्हणून आधी अंमलाची तारीख वाचा, मग मोजणीचं एकक, मग पात्रतेच्या अटी आणि दर सगळ्यात शेवटी.

परिपत्रकावरची तारीख म्हणजे अंमलाची तारीख नव्हे. नवा दर मागणीच्या कालावधीच्या मधोमध लागू होत असेल, तर त्या कालावधीचे दोन भाग पाडा आणि प्रत्येक भागाचे तास त्याच्याच दराने मांडा. सरासरी दर काढून एकच आकडा भरला, तर तो आकडा पुढे कशाशीच जुळत नाही. वयोगटानुसार दर बदलत असेल तर कालावधीच्या आत कोणत्या मुलांचा वाढदिवस येतो, ती नावंही त्याच वेळी बाजूला काढा.

मोजणीचं एकक नीट समजून घ्यायला हवं. ते प्रत्येक देशात वेगळं असतं, म्हणून इथे काही देशांची उदाहरणं घेऊ. न्यूझीलंडमध्ये अनुदान प्रत्येक मुलाच्या तासावर मिळतं, पण दिवसाला जास्तीत जास्त ६ आणि आठवड्याला ३० तासच धरले जातात. मूल रोज ८ तास असं पाच दिवस आलं, तर हजेरी ४० तासांची आणि अनुदान ३० तासांचं. तेच मूल चार दिवस आलं तर हजेरी ३२ तासांची, अनुदान मात्र २४ तासांचं. इथे ३० भरणारे खूप असतात, कारण आठवड्याची मर्यादा लक्षात राहते आणि दिवसाची सुटते. आधी दिवसाची मर्यादा लावा, मग आठवड्याची. एक्सेलमध्ये दोन्हीसाठी वेगळे रकाने ठेवा.

इंग्लंडमधली चूक वेगळ्या जातीची. तिथले आठवड्याला १५ मोफत तास ३८ आठवड्यांसाठी असतात, म्हणजे वर्षाला ५७० तास. केंद्र वर्षातले ५० आठवडे उघडं असेल आणि तेच तास वर्षभर पसरवायचे असतील, तर आठवड्याला ११.४ तासच येतात. आठवडे वाढवून तास १५ च ठेवले, तर मागणी ७५० तासांची होते आणि दर मुलामागे १८० तासांचे पैसे परत करावे लागतात. पालकांना प्रवेशाच्या वेळीच हा हिशेब कागदावर दाखवा. वर्षाच्या शेवटी त्यांच्या हातात अनपेक्षित बिल पडणं हा त्या कुटुंबावर अन्याय आहे.

आता हजेरी. सगळं अनुदान या एका नोंदीवर उभं असतं. येण्याची आणि जाण्याची वेळ मूल दारात असतानाच लिहा आणि आणणाऱ्याची सही तेव्हाच घ्या. आठवड्याच्या सह्या शुक्रवारी एकदम घेतल्या तर ते कागद बघताक्षणी ओळखू येतात. तीच शाई, तेच वळण, महिनाभर प्रत्येक मूल बरोबर नऊला आलेलं. तपासणीस हजेरीपट एकटा वाचत नाही, शिक्षिकांच्या कामाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहतो. सकाळी खोलीत जितक्या शिक्षिका दिसतात त्यांना झेपणार नाहीत इतकी मुलं पटावर असतील, तर आधी प्रश्न मुलांच्या सुरक्षिततेचा येतो आणि मग पैशांचा. चूक झालीच तर एका रेघेने खोडा, शेजारी बरोबर वेळ लिहा, आद्याक्षरं आणि तारीख टाका. व्हाइटनर रजिस्टरजवळ नकोच.

गैरहजेरीचे नियम प्रत्येक व्यवस्थेत असतात आणि बदलतही राहतात. ऑस्ट्रेलियात एका आर्थिक वर्षात दर मुलामागे ४२ गैरहजेरीचे दिवस कारण न देता धरले जातात. त्यापुढच्या दिवसांना ठरलेलं कारण आणि पुरावा लागतो. त्यामुळे प्रत्येक मुलाची चालू बेरीज ठेवा आणि ती ३० वर आली की पालकांशी बोला. मूल केंद्रात पहिल्यांदा प्रत्यक्ष येण्याआधीचे किंवा शेवटच्या हजेरीनंतरचे दिवस नेहमीच्या गैरहजेरीसारखे धरू नका. त्यांचे नियम वेगळे असतात.

पात्रतेची मुदत ही दुसरी गळती. इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या पालकांना आपला पात्रता क्रमांक दर तीन महिन्यांनी पुन्हा पक्का करावा लागतो, आणि सत्र सुरू होण्याआधी तो हाती नसेल तर मुलाचं वय बसत असूनही त्या सत्राचे तास मिळत नाहीत. मुदती तारखेच्या क्रमाने एका यादीत लावा आणि चार आठवडे आधी निरोप पाठवा. नाव आणि जन्मतारीख दाखल्यावरून अक्षर अन् अक्षर उतरवा. घरचं हाक मारायचं नाव संगणकात गेलं की क्रमांक जुळत नाही.

मागणीपत्रक पाठवण्याची स्वतःची तारीख शेवटच्या तारखेच्या पाच दिवस आधीची ठरवा. ऑस्ट्रेलियात आठवडा संपल्यापासून १४ दिवसांत त्या आठवड्यात मुलं कधी केंद्रात होती याचा अहवाल जायला हवा, तिथे तर हे दर आठवड्याचं काम आहे. पाठवण्याआधी ज्याने नोंदी केल्या नाहीत अशा माणसाने कोणतीही पाच मुलं निवडावीत आणि प्रवेश अर्ज, हजेरी, संगणकातली नोंद आणि पालकांचं बिल चारही ठिकाणी ताडून पाहावीत. एका मुलात फरक निघाला, तर त्या वर्गाचा सगळा पट तपासा.

आगाऊ रक्कम येते तिथे हिशेबाची शिस्त आणखी कडक हवी. न्यूझीलंडमध्ये मार्च, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये पुढच्या चार महिन्यांच्या अंदाजाच्या ७५ टक्के रक्कम मिळते आणि नंतर प्रत्यक्ष तासांनुसार समायोजन होतं. समजा अंदाज ४,००० तासांचा दिला, ३,००० तासांचे पैसे आले आणि मुलं कमी झाल्याने प्रत्यक्षात २,७०० तासच भरले. आता ३०० तासांचे पैसे देणं आहे. म्हणून आगाऊ रक्कम खतावणीत उत्पन्नाच्या नव्हे, देण्याच्या बाजूला ठेवा आणि जसजसे तास भरतील तसतशी उत्पन्नात वळवा. पगार या पैशांतूनच होतात, त्यामुळे वसुलीचा फटका शेवटी शिक्षिकांना बसतो. अंदाज देताना मोठ्या शाळेत जाणारी मुलं आधी वजा करा.

पाठवून झाल्यावर चूक सापडली तर तपासणीची वाट पाहू नका. कोणतं मूल, कोणत्या तारखा, किती तास आणि चूक कशामुळे झाली, एवढं एका पानावर लिहून दुरुस्ती स्वतःहून कळवा आणि त्या पत्राची प्रत त्या कालावधीच्या हजेरीलाच जोडून ठेवा.