नवतप्यात आरएएस: टाकीसंगं फिल्टरलाही हवा द्या

भाऊ, आता नवतपा लागते, आपल्या नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास जाते आणि दुपारून वादळ सुटलं की लाईन गेलीच समजा. ज्यांच्याकडं आरएएस आहे, म्हणजे टाकीत मासे पाळायचे अन् तेच पाणी फिल्टरमधून फिरवून परत टाकीत, त्यांनी हे दिवस लय जपून काढा.

लाईन गेली की सगळे टाकीकडं धावतात. तिलापिया असल तर बरोबरच आहे, त्याला पाण्यातलाच ऑक्सिजन लागते, एरेटर लगेच इन्व्हर्टरवर घ्या. पण पंगस वर येऊन हवेतूनही श्वास घेते, म्हणून तो ठीक दिसते अन् आपण बिनधास्त राहतो, तिकडं बायोफिल्टरमधले जिवाणू हवेविना मरून राहिले असतात. हेच जिवाणू माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट (हेही विषारीच) आणि पुढं नायट्रेट करतात, एकदा गेले की पुन्हा बसायला ४ ते ६ आठवडे जातात, तेवढ्यात माल हातचा जाऊ शकते. म्हणून बॅकअपवरून एक एअर पाइप फिल्टरमध्येही सोडाच.

फिल्टर बराच वेळ बंद राहिला असल तर त्यात साचलेलं पाणी टाकीत येऊ देऊ नका, आधी बाहेर काढा, झाडांना द्या, मगच पंप जोडा. त्या दिवशी खाद्य बंद. दुसऱ्या दिवशी अमोनिया, नायट्राइट दोन्ही तपासा आणि कमी असले तरच अर्ध्या खाद्यापासून सुरू करा. नायट्राइट वाढलं असल तर १००० लिटरला १ किलो जाडं मीठ विरघळवून टाका, मिठातल्या क्लोराइडनं ते माशाच्या रक्तात कमी जाते.

पीएच पाहिल्याशिवाय अमोनियाचा आकडा कामाचा नाही. ७ चा ८ झाला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास १० पट होते, त्यात पाणी गरम. फिल्टर चालता चालता अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची पीएच सांभाळायची ताकद, खाते म्हणून खायचा सोडा लागतेच, पण थोडा थोडा, एकदम ओतू नका.

मीडिया, म्हणजे फिल्टरमधलं ज्यावर जिवाणू बसतात ते सामान, नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यानं धुऊ नका, टाकीतलंच पाणी घ्या. वरून ग्रीन नेट लावा, खाद्य सकाळी अन् सांजच्याला, भर उन्हात नाही. टेस्ट किटची तारीखही पाहून घ्या, आणि त्या बाटल्या पत्र्याच्या शेडात ठेवू नका, घरात सावलीत ठेवा.