फौजी जोडप्याचे पहिले बाळंतपण आणि पुढच्या वर्षांची आखणी

खान्देशातील फौजी घरात पहिल्या बाळाची चाहूल लागली की दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. बाळंतपण कुठे करायचे हा पहिला, आणि नोकरी आणखी किती वर्षे करायची हा दुसरा. पती सीमेवर आणि पत्नी पारोळ्यात, साक्रीत किंवा शहाद्यात, अशा अवस्थेत हे दोन्ही प्रश्न रात्रीच्या फोनवर एकाच दमात सोडवण्याचा प्रयत्न होतो, आणि त्यातून बहुधा ताणच वाढतो. माझे मत असे की हे दोन निर्णय एकमेकांपासून वेगळे ठेवावेत. बाळंतपणाची जागा तिसरा महिना संपेपर्यंत ठरलेली असावी. नोकरीचा निर्णय बाळ वर्षाचे होईपर्यंत घेऊ नये, मात्र त्यासाठी लागणारी माहिती आतापासूनच गोळा करावी.

हे लेखन भूदलातील जवान आणि त्याच्या पत्नीसाठी आहे. सीआरपीएफ, बीएसएफ यांसारख्या निमलष्करी दलांत असलेल्यांचे रजा, दवाखाने आणि पेन्शनचे नियम वेगळे असल्याने त्यांनी ते आपल्या बटालियनच्या कार्यालयातून समजून घ्यावेत.

आधी कागद

लग्नाला वर्ष उलटून गेले तरी पत्नीचे नाव जवानाच्या नोंदीत चढलेले नाही, असे अनेक घरांत आढळते. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदीतील बदलाचा युनिटचा लेखी आदेश, निघालेली नसेल तर फौजेच्या दृष्टीने ती अजून त्याच्या कुटुंबात आलेलीच नसते. तिला मिलिटरी हॉस्पिटलमध्ये उपचार, फॅमिली क्वार्टर, कॅन्टीन कार्ड, डिपेंडंट कार्ड यांपैकी काहीही सुरळीत मिळत नाही. म्हणून गर्भधारणेची खात्री होताच पतीने आपल्या कंपनीच्या क्लार्ककडे जाऊन ही नोंद झाली आहे का, हे स्वतः पाहावे. आपल्याकडे आधार कार्डावर माहेरचे नाव, रेशन कार्डावर सासरचे आणि दहावीच्या दाखल्यावर तिसऱ्याच वर्तनीतले नाव असते. जन्मतारखेचीही तीच तऱ्हा असते. हे सगळे सर्व्हिस रेकॉर्डशी अक्षरशः जुळवून घेण्यास महिने लागतात, आणि ते काम बाळंतपणाच्या आठवड्यात होत नाही.

त्याच भेटीत नॉमिनेशनही तपासावे. भविष्य निर्वाह निधी, ग्रुप इन्शुरन्स आणि पगाराचे बँक खाते यांवर भरतीच्या वेळी आईवडिलांची नावे लावलेली असतात आणि ती तशीच राहून जातात. पत्नीचे नाव घालणे म्हणजे आईवडिलांना दूर करणे नव्हे, ही गोष्ट घरात मोकळेपणाने बोलावी. ज्या नोंदींत वाटा विभागून देता येतो तिथे तसा द्यावा, आणि ठरलेली विभागणी दोन्ही घरांना सांगून ठेवावी.

बाळंतपण कुठे करायचे

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत आहे आणि तिच्यात मोठा आधारही आहे. तरीही जागा ठरवताना रीत आणि पतीची सुट्टी या दोन्हींच्या आधी एक गोष्ट पाहावी: कळा सुरू झाल्यावर, रात्री दोन वाजता, शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असलेल्या दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागेल? माहेर चाळीसगावात किंवा अमळनेरमध्ये असेल तर उत्तर एक असते, धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातील पाड्यावर असेल तर अगदी वेगळे. सातपुड्यातील कुटुंबांनी शेवटचे काही दिवस नंदुरबार किंवा तळोद्यासारख्या ठिकाणी नातेवाइकांकडे राहण्याची व्यवस्था करावी, किंवा ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर योजना आहे तिथे आशाताईंकडून नाव नोंदवून घ्यावे. गुंतागुंतीच्या बाळंतपणासाठी धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगाव व नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये ही मोठी ठिकाणे आहेत. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकांचे क्रमांक घरातील प्रत्येक फोनमध्ये असावेत, सासूबाईंच्या साध्या फोनमध्येसुद्धा.

मिलिटरी हॉस्पिटलचा विचार करताना अंतर डोळ्यांसमोर ठेवावे. आपल्याला जवळची अशी देवळाली आणि छत्रपती संभाजीनगर येथील हॉस्पिटले आहेत. जळगावहून देवळाली रेल्वेने सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिथे बाळंतपण करायचे असेल तर नवव्या महिन्याच्या सुरुवातीलाच जवळ खोली घेऊन राहावे लागेल आणि सोबत आई किंवा जाऊबाई लागेल. जळगाव-धुळ्यात फौजेचा दवाखाना म्हणून ज्याचे नाव सहज सुचवले जाते ते ईसीएचएस पॉलिक्लिनिक असते. ते निवृत्त सैनिक आणि त्यांच्या अवलंबितांसाठी आहे, सेवेत असलेल्या जवानाच्या पत्नीच्या बाळंतपणासाठी नाही. सासरे निवृत्त फौजी असले तरी त्यांच्या कार्डावर सुनेला उपचार मिळत नाहीत. खासगी दवाखान्यात तातडीने दाखल व्हावे लागले, तर पतीने युनिटला आणि जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला लगेच कळवावे आणि तातडी होती असे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. ठरवून केलेल्या खासगी बाळंतपणाचा खर्च मात्र आपलाच समजून बाजूला काढावा.

पती पीस स्टेशनवर, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत छावणीत असेल आणि फॅमिली क्वार्टर मिळाले असेल तर तिथे जाऊन बाळंत होणे हाही चांगला पर्याय आहे. तिथे हॉस्पिटल जवळ असते आणि शेजारी त्याच अनुभवातून गेलेल्या बायका असतात. प्रवास मात्र चौथ्या ते सहाव्या महिन्यात, डॉक्टरांना विचारून करावा. भुसावळहून झेलम एक्स्प्रेसने जम्मूकडे जाणे हा एका रात्रीत संपणारा प्रवास नाही, त्यामुळे खालचा बर्थ आधीच आरक्षित असावा आणि सोबत कोणीतरी असावे.

तपासण्या

पहिल्या बारा आठवड्यांत आशाताई किंवा एएनएमकडे (आरोग्यसेविकेकडे) नोंदणी करून माता व बालसंरक्षण कार्ड घ्यावे. बदलीच्या नोकरीत हे कार्ड फार मोलाचे असते, कारण बाळाचे पहिले डोस पारोळ्यात आणि नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस पठाणकोटला घ्यायची वेळ येऊ शकते, आणि तिथल्या डॉक्टरांना आधीचे सगळे या एका कार्डावर दिसते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. घरचा खासगी डॉक्टर कितीही चांगला असला तरी एकदा तरी तिथे जाऊन नोंद करून घ्यावी. रक्तवाढीच्या गोळ्या रोज आणि शेवटपर्यंत घ्याव्यात.

सिकलसेलबद्दल जरा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांत, तसेच जळगावच्या सातपुड्यालगतच्या तालुक्यांत भिल्ल, पावरा आणि इतर समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. या भागातून फौजेत गेलेल्या जवानांची प्रकृती उत्तम असते, आणि त्यामुळे आपण वाहक असू शकतो हे त्यांच्या मनातही येत नाही, कारण वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून पत्नीची चाचणी पहिल्या तीन महिन्यांत करावी आणि ती वाहक निघाल्यास पतीने आपल्या युनिटच्या एमआय रूममध्ये (तपासणीच्या दवाखान्यात) सांगून स्वतःची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ही चाचणी सरकारी दवाखान्यांत होते. यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. उशीर मात्र महागात पडतो.

पत्नीचा रक्तगट निगेटिव्ह आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ते ७२ तासांच्या आत द्यावे लागते. पतीचा रक्तगट त्याच्या ओळखपत्रावर असतोच, तो फोनवर विचारून कार्डावर लिहून ठेवावा.

सोनोग्राफी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी, पण मुलगा की मुलगी हे विचारू नये आणि घरातल्या कोणाला विचारू देऊ नये. तो १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे केवळ ८४२ मुली होत्या. देशाचे रक्षण करणाऱ्या माणसाच्या घरातून तरी हा आकडा आणखी खाली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

बाळंतपण एप्रिल-मे महिन्यांत येत असेल तर आपल्याकडच्या ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या उन्हाचा विचार आधीच करावा. पत्र्याच्या खोलीत बाळंतिणीला ठेवू नये, आणि शेक-धुरीच्या नावाखाली दारे-खिडक्या बंद करू नयेत. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर जरूर द्यावी, पण बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये.

सुट्टीचे गणित

जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. त्याशिवाय दोनपेक्षा कमी अपत्ये हयात असताना १५ दिवसांची पितृत्व रजा घेता येते आणि ती बाळंतपणाच्या तारखेआधी १५ दिवसांपासून नंतर सहा महिन्यांपर्यंत वापरता येते. बाळंतपणाच्या दिवशी हजर राहता यावे म्हणून सगळी सुट्टी त्याच तारखेभोवती ठेवण्याकडे मनाचा ओढा असतो. पण तारीख दहा दिवस मागेपुढे होते, सुट्टी ऐनवेळी रद्दही होते. त्यापेक्षा लांब सुट्टी बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ठेवणे अधिक उपयोगाचे आहे, कारण तेव्हा पाहुण्यांची गर्दी ओसरलेली असते, बाळंतीण जागरणाने थकलेली असते आणि आधाराची खरी गरज तेव्हाच असते. आखणी अशी करावी की तो आला तर आनंद, नाही आला तरी एकही काम अडणार नाही. दवाखान्यात सही कोण करणार, रक्त लागल्यास कोणाला बोलवायचे आणि पैसे कोणाच्या हाती असतील, हे तिघा माणसांना आधीच सांगून ठेवावे. पत्नीच्या नावाच्या खात्यात किंवा जोडखात्यात बाळंतपणाची रक्कम आधीच जमा असावी, तिला सासऱ्यांकडे मागावी लागू नये.

बाळंतपणानंतर उदासी, रडू किंवा बाळाबद्दल अलिप्तपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर त्याला नाटक म्हणू नये. टेलि-मानस हा १४४१६ क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

बाळ जन्मल्यावर

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे, त्यामुळे आईवडिलांच्या नावांची वर्तनी सर्व्हिस रेकॉर्डप्रमाणेच लिहून द्यावी. दाखला हाती येताच बाळाची पार्ट टू ऑर्डर काढून घ्यावी. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र महिलेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर अंगणवाडीताईंकडे अर्ज करून पाहावा. मुलगी झाली तर सुकन्या समृद्धी खाते पोस्टात २५० रुपयांनीही उघडता येते.

नोकरीचा विचार

बाळाचा फोटो पाहून, तोही फिल्डमध्ये, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा तैनातीत बसून, नोकरी सोडावीशी वाटणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणूनच त्या महिन्यांत निर्णय घेऊ नये. जवानाला सेवेची पेन्शन मिळण्यासाठी १५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. २०१८ साली १९ व्या वर्षी भरती झालेल्या जवानाची ती २०३३ मध्ये होतील. यंदा जन्मलेले त्याचे बाळ तेव्हा पहिली-दुसरीच्या वयाचे असेल आणि तो स्वतः ३४ वर्षांचा. आठव्या-नवव्या वर्षी घर सोडवत नाही म्हणून बाहेर पडणाऱ्याला ही पेन्शन मिळत नाही. चौदा वर्षे केलेली नोकरीसुद्धा याला अपवाद नाही. सध्या अग्निवीर म्हणून गेलेल्या धाकट्या भावाकडे पाहावे: चार वर्षांनी त्याच्या तुकडीतील पंचवीस टक्क्यांपर्यंतच मुले कायम होतील, बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी मिळेल, पण पेन्शन नाही. थोरल्याच्या हाती जे आहे त्याची किंमत या तुलनेने नीट कळते.

सोडणे आणि तसेच रेटत राहणे यांमध्ये आणखी वाटा आहेत. पती फिल्डला गेल्यावरही पत्नीला दुसऱ्या स्टेशनवर सेपरेटेड फॅमिली क्वार्टर मिळू शकते, आणि मूल शाळेच्या वयाचे झाले की केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशात जवानांच्या मुलांना अग्रक्रम असतो. बारावी झालेल्या आणि वय २७ च्या आत असलेल्या जवानाने आर्मी कॅडेट कॉलेजमार्फत अधिकारी होण्याचा विचार गांभीर्याने करावा. वयाची मर्यादा बाळाच्या संगोपनात नकळत निघून जाते, म्हणून हा एकच निर्णय वर्षभर थांबवू नये.

पत्नीचे शिक्षण किंवा नोकरी हाही या हिशेबाचा अर्धा भाग आहे, जरी घरात त्याची चर्चा शेवटी होत असली तरी. ती बीएड किंवा नर्सिंग करत असेल तर ते पूर्ण करण्याची तारीख आताच ठरवावी आणि बाळाला कोण सांभाळेल हे सासू आणि आई या दोघींशी बोलून निश्चित करावे. ती जिल्हा परिषदेत शिक्षिका असेल तर जवानांच्या पत्नींना बदलीत विशेष संवर्ग भाग एकमध्ये प्राधान्य आहे. त्यासाठी पतीच्या युनिटकडून सेवेत असल्याचे प्रमाणपत्र मागवावे लागते, आणि ते पुढच्या सुट्टीत येताना त्याने सोबतच आणावे.