हक आणि जिम मुलांसोबत वाचताना

खानापुरात आमच्या सोप्यावर दर रविवारी नववीची सात-आठ मुलं जमतात. त्यांच्यासोबत मार्क ट्वेनची १८८४ सालची 'हकलबरी फिन' मी कशी वाचते, ते सांगते.

पहिल्या पानापासून सुरू करू नका. आधी नदी दाखवा. मी मुलांना मलप्रभेच्या काठी नेते. मिसिसिपी हिच्याहून कितीतरी रुंद. तिच्यावर एक तराफा, आणि त्यावर बापाला चुकवून पळालेला हक अन् गुलामीतून पळालेला जिम.

मग थेट १५वं प्रकरण. धुक्यात दोघांची ताटातूट होते. परत आल्यावर हक म्हणतो, तुला स्वप्न पडलं असेल. थापा कळल्यावर जिम फार दुखावतो. त्याची माफी मागायला मन वळवताना हकला १५ मिनिटं लागतात. इथं पुस्तक मिटा, घड्याळ समोर ठेवा आणि तेवढा वेळ गप्प बसा. मुलं चुळबुळतात, बसू द्या. गेल्या वर्षी एक मुलगी मध्येच उठली आणि महिनाभर अबोला धरलेल्या मैत्रिणीशेजारी जाऊन बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

जिमसाठीचा अपमानकारक शब्द मोठ्यानं वाचू नका. तो का टोचतो ते मात्र समजावून सांगा.

राजा-ड्यूक या ठकांची प्रकरणं भरभर उरका. ३१वं हळू घ्या. जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र हक लिहितो, आणि नरकात गेलो तरी बेहत्तर म्हणून फाडतो. तो स्वतःला पापीच समजतो. असं का, हे मुलांनाच विचारा. कुणी कन्नडमधून उत्तर दिलं तरी बोलू द्या.