ट्रेलरच्या केबिनचा एसी: आधी मीटर, मग गेज, गॅस शेवटी

कळंबोलीत गाडी दारात लागली की ड्रायव्हरचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, "मिस्त्री, गॅस भरून द्या." न्हावा-शेव्याला कंटेनर उतरवायचा असतो, नंबर जाईल म्हणून घाई असते. नवीन मुलगा हे वाक्यच निदान समजतो आणि सिलिंडरला हात घालतो. मीही पहिली दोन वर्षं हेच करत होतो. पण एसीतला गॅस डिझेलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. होसमधून वर्षाकाठी थोडासा झिरपतो खरा, पण महिन्याभरात कूलिंग गेलं असेल तर कुठेतरी भोक आहे, किंवा बिघाड गॅसचा नाहीच.

ज्या गाडीने मला हे शिकवलं ती एक हॉर्स, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी होती, मालक स्वतःच चालवायचे, हप्ते चालू. तक्रार अशी, सकाळी मस्त थंड, दुपारी बारानंतर गरम वारा. आमच्याकडे येण्याआधी दोनदा गॅस भरून झाला होता. मी कंप्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, थकला म्हणून सांगितलं आणि नवा बसवला. आठ दिवस चालला, मग पुन्हा तेच. त्या वेळी शेजारच्या इलेक्ट्रिशियन काकांनी क्लच चालू असताना कॉइलच्या दोन टोकांवर मीटर लावला. क्लच म्हणजे कॉइलच्या चुंबकाने ओढला जाऊन कंप्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा भाग. इंजिन चालू, म्हणजे तिथे २७-२८ व्होल्ट हवेत. मिळत होते २१ च्या आसपास. बाकीचे व्होल्ट अर्थच्या थिंबलमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीत, जिरत होते. खाडीच्या खाऱ्या हवेने तो आतून हिरवा झाला होता.

सकाळी कसं चालायचं? कॉइल थंड असते तेव्हा तिचा रेझिस्टन्स कमी, करंट जास्त, चुंबक जोरात ओढतो. दुपारी कॉइल तापते, चुंबक ढिला पडतो आणि त्याच वेळी हायसाइडचा, म्हणजे कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा, दाब वाढलेला असतो, म्हणून क्लच घसरतो. नव्या कंप्रेसरच्या क्लचची फट कमी होती, म्हणून तो आठ दिवस ओढत राहिला, एवढंच. मी मजुरी परत केली, पण कंप्रेसरचा खर्च त्या माणसावर पडला तो पडलाच. त्या दिवसापासून 'दुपारी बंद पडतो' ऐकलं की मी आधी लोडवर व्होल्टेज मोजतो आणि फीलर गेजने क्लचची फट बघतो. टेस्ट लॅम्पवर भिस्त ठेवू नका, तो २१ व्होल्टवरही पेटतो. आणि गाडी २४ व्होल्टची आहे हे विसरून कारचा १२ व्होल्टचा रिले किंवा पंखा जोडू नका.

इलेक्ट्रिक बाजू ठीक निघाली की मग गॅसचा दाब दाखवणारा गेज. इथे दुसरा मोठा चकवा आहे. एसी बंद असताना दाब बघून 'गॅस फुल आहे' म्हणणारे खूप भेटतील. आर-१३४ए, म्हणजे या एसीतला गॅस, त्याचा दाब तापमानावर ठरतो: ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय, ३५ ला ११४ च्या आसपास. सिस्टिममध्ये थोडाही द्रव शिल्लक असला तरी काटा तिथेच उभा राहतो, मग गॅस पाव असो की पूर्ण. दाब त्या तापमानाच्या आकड्यापेक्षा बराच खाली असेल तर गॅस संपत आलाय एवढं नक्की. बाकी खरं चित्र कंप्रेसर चालू असतानाच दिसतं. लोसाइड (कंप्रेसरकडे परत येणारी बाजू) खूप खाली आणि हायसाइडही खाली, तर गॅस कमी किंवा कुठेतरी अडथळा. दोन्ही वर चढलेले, तर आधी कंडेन्सरची, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी, जाळी बघा. आपल्याकडे ती धुळीने, कोळशाच्या भुकटीने बुजलेली असते. पाण्याने हलक्या दाबाने धुतली की निम्म्या गाड्या तिथेच सुधारतात, असा माझा अनुभव आहे.

गळती शोधताना ट्रकचं एक वेगळेपण डोक्यात ठेवा. केबिन पुढे टिल्ट होते आणि चालताना सतत हलते, कंप्रेसर मात्र इंजिनवर. त्यामुळे दोघांच्या मधले होस वाकतात, कुठल्या तरी पट्टीला घासतात. जिथे धूळ तेलाने ओली होऊन चिकटलीय तिथे बोट ठेवा. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही बाहेर येतं. टिल्ट केलेल्या केबिनखाली जाताना लॉक आणि टेकूचा दांडा लागलाय ना, हे स्वतः हाताने तपासा, कुणाच्या शब्दावर नको.

प्रेशर टेस्टला नायट्रोजन आणि साबणाचं पाणी. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. सिस्टिम उघडली तर ओलावा शोषणारा ड्रायर बदला, किमान अर्धा तास व्हॅक्यूम मारा आणि पंप बंद करून काटा हलतो का बघा. मगच वजनकाट्यावर, गाडीच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतका गॅस. गॉगल आणि हातमोजे घाला, द्रव गॅस उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

सगळं ठीक आणि तरीही वारा कोमट? हीटरचे दोन्ही होस हाताने बघा. नॉब थंडवर असताना दोन्ही तापलेले असतील तर हीटरचा कॉक पूर्ण बंद होत नाही. ब्लोअर फक्त फुल स्पीडलाच चालत असेल तर बहुधा त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर गेलाय.

शिकायचं कुठे, हे मुलं विचारतात. आयटीआयचा रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड चांगला, पण त्यात गाडीची वायरिंग हाताखाली फार येत नाही. मेकॅनिक मोटर व्हेइकल ट्रेडवाल्यांचं उलट. कुठलाही केलात तरी नंतर सहा महिने ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काढा. २०२५ मध्ये साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, त्यामुळे काम वाढणारच आहे. पहिल्या पगारातून चांगला मीटर घ्या, गेज सेट दुसऱ्या.

गाडी सोडताना मी दारं बंद करून इंजिन १५०० आरपीएमवर दहा मिनिटं चालवतो आणि थर्मामीटर ड्रायव्हरच्या हातात देतो. मे महिन्यात इंजिनवर बसून नागपूरपर्यंत जाणारा तो माणूस आहे, रात्री झोपणारही त्याच केबिनमध्ये. केबिनमध्ये वारा येणाऱ्या जाळीसमोर धरून आकडा त्यानेच वाचायचा.